वावरात राहतो म्हणजे व्यायाम होतो काय?



या पत्रकातून आम्ही बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांवरच लिहीत आलो आहोत. या खेपेस विषय निराळा आहे. उसाच्या प्रकृतीबद्दल नव्हे, ऊसवाल्याच्या प्रकृतीबद्दल चार शब्द लिहावयाचे आहेत. साखर कारखान्याच्या पत्रकात मधुमेहाचे नाव निघावे हे काहींना खटकेल. खटकले तरी हरकत नाही.

लागणीची नोंद घ्यायला वा उसाची पाहणी करायला आम्ही शिवारात जातो, तेव्हा हल्ली एक गोष्ट वारंवार दिसते. सभासद मोटारसायकलने धुऱ्यापर्यंत येतात, गाडी निंबाखाली लावतात आणि गाडीवर बसूनच सांगतात, "जा साहेब, तुमीच पाहून या. आमाले आता चालनं होत नाही, दम लागते." सांगणारा साठीचा असता तर समजण्यासारखे होते. पण पंचेचाळिशीचे, क्वचित चाळिशीच्या आतलेही असे म्हणतात. व्यायामाचा विषय काढला की उत्तर ठरलेले, "आमाले काय व्यायाम सांगता? आमी त दिवसभर वावरातच रायतो."

वावरात राहणे आणि वावरात राबणे यात फरक पडला आहे, तो कोणी हिशेबात घेतलेला नाही. बैलांच्या नांगराने एक एकर नांगरायचे तर माणसाला किती चालावे लागे? वीतभर रुंदीचे तास धरले तर सतरा-अठरा किलोमीटर. हा साधा भागाकार आहे, कोणीही करून पाहावा. तेच एकर आज ट्रॅक्टर नांगरतो आणि चालवणारा बसलेला असतो. मोट गेली, इंजिन आले, इंजिन गेले, मोटार आली. आता ठिबकचा कॉक फिरवला की ओलित होते, आणि मोटार तर घरी खाटेवरून मोबाइलने चालू करता येते. बंडी गेली. निंदण मजूर करतात, तोडणी टोळी करते, फवारणी सालदार करतो. हे सारे चांगलेच झाले, मोटेचे दिवस परत यावेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. मात्र चालणे, वाकणे, उचलणे अंगातून गेले आणि जेवण पूर्वीचेच राहिले. चहा तर वाढला. एका गावात पाच घरी गेलो तर पाच कप, आणि प्रत्येक कपात आपल्याच उसाची साखर दोन-दोन चमचे.

बसून राहण्याचा परिणाम काय होतो हे लंडन शहरात फार पूर्वी तपासले गेले. तेथील दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिना चढे-उतरे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी या दोघांच्या प्रकृतीची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष छापले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होता. गाडी एकच, खाते एकच, फरक होता तो जिन्याचा. आपल्याकडे नांगरामागे चालणारा बाप कंडक्टर होता आणि ट्रॅक्टरवरचा मुलगा ड्रायव्हर झाला, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

आपल्या देशातले आकडेही आता आले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेली देशभरची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तो शहरी रोग आहे या भ्रमात राहू नये. खेड्यांतही शंभर प्रौढांमागे जवळपास ९ जणांना तो आढळला, आणि आणखी १५ जण अगदी काठावर उभे आहेत. रक्तदाबाचे प्रमाण तर देशात तिघांत एक असे निघाले.

आता कोणी म्हणेल, जे खरोखर राबतात त्यांचे काय? त्यांचा प्रश्न वेगळा आहे. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. डवरणी, निंदण, मोळी उचलणे यांत अंग एकाच बाजूने वाकते आणि एकाच जागी झिजते. कंबर धरते, मग गोळी घ्यायची, नाही भागले तर इंजेक्शन. याविषयी आम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते. आपल्या तालुक्यातील बरीच गावे खारपाणपट्ट्यात आहेत. जळगाव जामोद-संग्रामपूर भागात मूत्रपिंडाच्या तक्रारी किती आहेत हे आपणांस वेगळे सांगायला नको. अंगदुखीच्या गोळ्या मनाने, रोजच्या रोज खाल्ल्या तर त्या मूत्रपिंडालाच बाधतात. राबणाऱ्याने संध्याकाळी दहा मिनिटे पाठ, मांड्या आणि खांदे ताणून मोकळे करणे हे पाकिटातल्या गोळीपेक्षा केव्हाही बरे.

हे सर्व बहुतेकांना पटते, पण होत नाही. चार दिवस उत्साह, पाचव्या दिवशी पाऊस, सहाव्या दिवशी लग्न, मग संपले. विचारले तर म्हणतात, "मनच लागत नाही." आमचे म्हणणे असे की मनाला विचारताच कशाला? रात्रपाळीची वीज असली म्हणजे पौषाच्या थंडीत रात्री दोन वाजता उठून आपण ओलिताला जातो. तेव्हा मनाची परवानगी घेतो काय? मन तर गोधडीतून निघायला तयारच नसते. आपण जातो, कारण पाळी ठरलेली असते आणि ती चुकली तर पीक वाळते. भेंडवळच्या घटमांडणीचे पाहा. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भाकीत ऐकायला कुठून कुठून शेतकरी पहाटे हजर होतात. भाकितावर कोणाचा किती विश्वास हा ज्याचा त्याचा प्रश्न, परंतु पहाटे उठणे जमत नाही हे काही खरे नव्हे.

दुसरी गोष्ट सोबतीची. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. सातशे किलोमीटरवर वाट, महिनाभर चालणे. परतीच्या वेळी खामगाव ते शेगाव या १६-१७ किलोमीटरच्या शेवटच्या टप्प्यात तर पालखीबरोबर हजारो माणसे चालतात. त्यांत एरवी किराणा आणायलाही गाडी काढणारे असतात, गुडघे धरणाऱ्या म्हाताऱ्या असतात. त्यांना त्या दिवशी बळ येते कुठून? महाराजांवरील श्रद्धा तर आहेच. त्यासोबत दिवस ठरलेला असतो, वाट ठरलेली असते आणि मागे-पुढे माणसे चालत असतात. एकटा माणूस निंबाखाली बसतो, दिंडीतला बसत नाही.

जुन्या आखाड्यांतही हेच होते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केले तेव्हा तो एक आखाडाच होता. पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ तेथे करून दाखवले, आणि आज तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे आहे. आपल्या वऱ्हाडात हे घडले याचा अभिमान बाळगावा. पण गावोगावच्या आखाड्यांत लाल माती, मुद्गल आणि मल्लखांब यांच्याखेरीज आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे वस्ताद. पोरगा एक दिवस आला नाही तर दुसऱ्या दिवशी वस्ताद विचारी, "काल काहून नाही आला?" दोन दिवस नाही आला तर घरी येऊन बापाला विचारी. त्या प्रश्नाच्या धाकाने पोरे दंड-बैठका काढीत.

आता कित्येक गावांत योजनेतून लोखंडी व्यायाम साहित्य बसले आहे, त्याला ओपन जिम म्हणतात. पहिले पंधरा दिवस गर्दी, मग लहान मुलांचे झोके, मग त्यावर गोधड्या वाळत. साहित्य वाईट नाही. योजनेत लोखंड आले, "काल काहून नाही आला" म्हणणारा माणूस आला नाही.

किती व्यायाम पुरे, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे, की प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करावा आणि दोन दिवस तरी ताकदीचे काम द्यावे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. यासाठी शहरासारखा जॉगिंग ट्रॅक लागत नाही. एक एकराचा चौरस तुकडा असेल तर धुऱ्यावरून एक फेरा सुमारे अडीचशे मीटर भरतो. चार फेऱ्यांत किलोमीटर, दहा फेऱ्यांत अर्धा तास. चाल अशी असावी की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. ताकदीसाठी आपले दंड, बैठका आहेतच. पावसाळ्यात धुरा चिकट झाला की घरात सूर्यनमस्कार घालावेत, त्याला सतरंजीइतकीच जागा लागते.

यात आमचा थोडा स्वार्थ आहे, तो लपवीत नाही. जो धुऱ्याने फिरतो त्याला ऊस दिसतो. दोन महिन्यांच्या उसातला वाळलेला पोंगा, जो ओढला की अलगद हाती येतो आणि घाण वास मारतो, तो खोडकिड्याचा असतो. काणीचा काळा चाबूक, गवताळ वाढीचे बेट, ठिबकची उंदराने कुरतडलेली नळी, हे गाडीवरून दिसत नाही. ते आम्हाला पाहणीत दिसेपर्यंत महिना निघून गेलेला असतो.

सुरुवात मात्र बेताने करावी. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुष्कळ झाली. जे मधुमेहाचे वा रक्तदाबाचे औषध घेतात, ज्यांच्या छातीत चालताना दाटते, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. आम्ही शेतकीची पदविका घेतलेली माणसे, डॉक्टर नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याकडील सभासदांनी अंधारात निघू नये, अस्वल आणि रानडुक्कर दोन्हीही आपल्याआधी उठतात. पायात बूट असावेत, गवतातल्या जनावराचा भरवसा नाही. खाडे पडले तर पडू द्यावेत. उसात नांग्या पडल्या म्हणून आपण सारे रान मोडत नाही, नांग्या भरतो.

भगिनी सभासदांविषयी एक वेगळी अडचण आहे. घरातली बाई पहाटेपासून राबते, पण नुसती फिरायला निघाली तर गाव म्हणते, "हिले काही काम नाही वाटते." चार-पाच जणी मिळून निघाल्या की बोलणारे गप्प होतात, हे आम्ही आपल्याच भागातील गावात पाहिले आहे. तेवढा अर्धा तास घरधन्याने चूल आणि गोठा सांभाळावा. त्याचाही तेवढाच व्यायाम होईल.

आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक गटात आठ-दहा सभासदांची एक शिवारफेरी असावी. आठवड्यातून पाच सकाळ, उजाडल्यावर, वेळ एकच. आज एकाच्या वावराभोवती, उद्या दुसऱ्याच्या, म्हणजे सगळ्यांचा ऊस सगळ्यांच्या नजरेखालून जाईल. एकाने वहीत हजेरी मांडावी, आणि जो आला नाही त्याच्या दारावरून परतताना हाक मारावी. आठवड्यातून एक दिवस आमच्या शेतकी खात्याचा माणूस त्या फेरीला येईल, आणि तोही गाडी गावात ठेवूनच येईल.

इच्छुक सभासदांनी आपापल्या गटातील चिटबॉयकडे नावे द्यावीत. नाव देताना सोबत्याचेही नाव द्यावे, एकट्याचे नाव घेतले जाणार नाही.

— ऊस विकास अधिकारी