नवी पिकअप भाडेपट्ट्याने घ्यायची का?



चिपळूण-खेड भागातल्या आपल्या वाड्यांवर महिनाभर एकच विषय चाललाय. नवी कोरी पिकअप भाडेपट्ट्याने मिळते. सुरुवातीला थोडे पैसे भरायचे, मग दर महिन्याला ठरलेलं भाडं, आणि मुदत संपली की गाडी परत. एजंट दोन-तीन वाड्यांवर येऊन रंगीत कागद वाटून गेला. पोरांना गाडी पाहिजे, बायांनाही पाहिजे. पुढच्या तालुका बैठकीत ठरवायचं आहे, म्हणून माझं मत आधीच लिहून देते. वाडीत कोणीतरी मोठ्याने वाचा आणि त्यावर भांडा.

माझं मत असं आहे की ही गाडी घेऊ नये. पण "कातकऱ्यांना कशाला हवी गाडी" म्हणणारे जे आहेत, त्यांच्या बाजूने मी बोलत नाही. त्यांचं आधी बघू.

गाडी कशाला हवी ते करवंदं काढणाऱ्या बाईला विचारा. पहाटे डोंगरात जायचं, काट्यातून पाटी भरायची, उन्हाआधी खाली उतरायचं. फाट्यावर व्यापाऱ्याचा टेम्पो उभा असतो. करवंद संध्याकाळपर्यंत मऊ पडतं, पण भाव त्याच्या आधीच मऊ पडतो. "द्यायचं तर दे, नाहीतर घरी ने." घरी नेऊन काय करणार? जांभळाचं तेच. काजूची बी नासत नाही, पण ती ठेवायला झोपडीत कोरडी जागा नाही आणि हातात पैसा नाही, म्हणून तीही त्याच टेम्पोत जाते. झाड कोणाचं, मेहनत कोणाची, हे कोणी विचारत नाही. ज्याची गाडी त्याचा भाव.

हे सरकारलाही चांगलं माहीत होतं. वनहक्क कायदा 2006 साली झाला. त्यात गौण वनोपजाची मालकी आपली असं लिहिलं. मग 2008 साली नियम आले, त्यात लिहिलं की हा माल डोक्यावरून, सायकलवरून, हातगाडीवरून नेता येईल. मोटारगाडीला जुनेच वाहतूक परवान्याचे नियम. म्हणजे माल तुमचा, पण तो डोक्यावरच राहू द्या! मी बारावीत असताना संघटनेच्या शिबिरात हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला ते खोटंच वाटलं होतं. 6 सप्टेंबर 2012 ला नियम बदलले. आता जंगलाच्या आत आणि बाहेर योग्य त्या वाहनाने माल नेता येतो. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देतो. त्यावर रॉयल्टी नाही, फी नाही. हे आपोआप मिळालं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक हक्क मिळाला होता, बांबू उभा होता, पण परवाना देत नव्हते. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मेंढ्याची लढाई ट्रकसाठी नव्हती, त्या पुस्तकासाठी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गाडीच्या कागदाकडे येऊ.

भाडेपट्टा म्हणजे काय, हे रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला शिकवायची गरज नाही. खोताची जमीन खंडाने करणारी माणसं अजून आपल्या शेजारच्या गावांत आहेत. आंबेडकरांनी 1937 साली खोती मोडण्याचं बिल मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं ते याच कोकणासाठी. पुढे 1949 ला खोती कायद्याने गेली आणि कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 पासून कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा फायदा झाला नाही, ती वेगळी रड आहे. सांगायचं एवढंच की जमीन वर्षानुवर्षं कसली तर कूळ तरी लागतं. गाडी कितीही चालवली, कितीही धुतली-पुसली, दसऱ्याला झेंडूचा हार घातला, तरी गाडीला कूळ लागत नाही. तीन-चार वर्षं भाडं भरायचं आणि शेवटी चावी परत करायची. मधेच सोडायची म्हटलं तर दंड. ठरलेल्यापेक्षा जास्त किलोमीटर झाले तर जादा पैसे. आपल्या घाटीच्या रस्त्यावर खरचटली तर तेही आपल्या अंगावर. एजंट हे सांगत नाही असं नाही, पण फार भरभर सांगतो.

आणि आपल्या कामाचा हिशोब वर्षाचा नाही. समजा महिन्याचं भाडं 20 हजार ठरलं. वर्षाचे झाले 2 लाख 40 हजार. आपला माल कधी निघतो? काजू, करवंद, जांभूळ मिळून मार्चच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत. धरू 75 दिवस. या 75 दिवसांत रोज एक खेप भरून गेली, एकही दिवस चुकला नाही, तरी एका खेपेवर नुसतं भाडं पडतं 3,200 रुपये. डिझेल वेगळं, ड्रायव्हर वेगळा. तुमच्या वाडीपासून बाजारापर्यंत भाड्याचा टेम्पो काय घेतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तो आकडा शेजारी लिहून बघा.

पोरं म्हणतात, बाकीचे महिने गाडी भाड्याने फिरवू. कशासाठी? पावसात चिऱ्याच्या खाणी बंद असतात, बांधकामं बंद असतात. एप्रिल-मे मध्ये भरपूर भाडं मिळेल, आंब्याच्या पेट्यांचं. पण नेमकी तीच आपली करवंदं. बागायतदार रोख देईल, महिन्याचं भाडं डोक्यावर असेल, मग गाडी कोणाकडे जाईल? पोराचा दोष नाही त्यात, त्याला भाडं भरायचंय. आपली पाटी पुन्हा फाट्यावर आणि वाडीची गाडी बागेत. दिवाळीनंतर दुसरं काम मिळेल, वीटभट्टीवर माणसं पोचवायचं. म्हणजे आपल्याच गाडीतून आपल्याच माणसांना मुलाबाळांसकट भट्टीवर सोडून यायचं. मला हे लिहिताना सुद्धा कसंतरी होतंय, पण हिशोब तिकडेच जातो.

उचल आपल्याला माहीत आहे. पावसात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम येतो, पाच-दहा हजार हातावर ठेवतो, आणि दिवाळीनंतरचे सहा-सात महिने विकत घेतो. घरातला माणूस आजारी पडला तरी उचल फिटेपर्यंत सुटका नाही. दर महिन्याला ठरलेलं भाडं आणि उचल यात मला एकच फरक दिसतो, तो आपल्या बाजूचा नाही. वेठबिगारीच्या 1976 च्या कायद्याने अशी उचल रद्द होते, तहसीलदारापुढे उभं राहून आपण ती मोडू शकतो, लोकांनी मोडलेली आहे. नव्या गाडीच्या करारावर शहाण्या माणसाने इंग्रजीतल्या बारा पानांवर सही केली, तर कोणता तहसीलदार ती मोडून देणार? भाडं थकलं की माणसं येतात आणि गाडी ओढून नेतात. भरलेले पैसे गेले, गाडीही गेली, वर बाकी निघते ती वेगळी.

बाकी कोण भरणार? इथे आपला दुसरा पट्टा येतो. काही जणांना वनहक्काचा पट्टा मिळालाय. तो वारसाने मुलांना जातो, पण विकता येत नाही, कोणाच्या नावावर करता येत नाही. आपल्याच संरक्षणासाठी तसं लिहिलंय, आणि ते बरोबर आहे, नाहीतर एव्हाना अर्धी जमीन शेठच्या घशात गेली असती. त्यामुळे तारण द्यायला आपल्याकडे काही नाही. रत्नागिरीत तर जंगलच बहुतेक खाजगी मालकीचं, कितीतरी वाड्यांना घराखालची जमीन पण स्वतःची नाही. मग एजंट म्हणतो, सरकारी नोकरीवाला जामीन आणा. अख्ख्या वाडीतून शिकून नोकरीला लागलेला एखादा शिपाई, एखादी सेविका. वाडीच्या गाडीसाठी त्याचा पगार अडकवायचा? आणि गाडी तरी वाडीच्या नावावर कुठे आहे? एकाच माणसाच्या नावावर. आज तो आपला आहे. उद्या त्याच्याशी बोलाचाली झाली तर?

आता एक गोष्ट सगळ्यांना ऐकायला आवडणार नाही. रात्री कोणीतरी येईल आणि म्हणेल, एकच खेप, खैराची, काथभट्टीपर्यंत. आपल्या जातीचं नावच काथावरून पडलंय, आपले म्हातारे जंगलात काथ उकळायचे. पण खैराचं लाकूड गौण वनोपज नाही, ग्रामसभेचा परवाना त्याला चालत नाही. वनगुन्ह्यात सापडलेली गाडी 1927 च्या वन कायद्याखाली जप्त होते. खैर तोडायला लावणारा शेठ घरी झोपलेला असेल, पोरगा आत असेल, गाडी डेपोत गंजत असेल. आणि महिन्याचं भाडं चालूच.

बायांचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. रात्री बाळंतीण अडली तर गाडी वाडीत असावी, असं एका मावशीने बैठकीत सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. 108 ची गाडी फोन केल्यावर येते, पण डांबरी रस्त्यापर्यंत. पिकअप तरी कुठपर्यंत येणार? तिथपर्यंतच. डोलीचा रस्ता डोलीचाच राहणार. वनजमिनीतून रस्ता हवा असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये आहे: ग्रामसभेने शिफारस केली तर एक हेक्टरच्या आतली जमीन रस्ता, शाळा, अंगणवाडी अशा तेरा कामांना मिळते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत एवढी अट. खाजगी मालकाने अडवलेला रस्ता असेल तर त्याची लढाई निराळी, तहसील कचेरीतली. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ते शोरूममध्ये नाही.

आणि मालाच्या गाडीत माणसं भरायची सवय. मे 2024 मध्ये छत्तीसगडला कवर्ध्याकडे तेंदूपानं तोडून परत येणारी बैगा आदिवासींची पिकअप खाली कोसळली. 19 जण गेले, त्यात 18 बाया. आपल्यासारखीच माणसं, आपल्यासारखंच काम, आणि गाडीही तीच, मालाची. मालाच्या गाडीच्या विम्यात मागे बसवलेली माणसं धरत नाहीत. वाडीची गाडी आली की लग्नाला, बाजाराला, मोर्चाला आपण तिच्यातच चढणार, कोणी नाही म्हणणार नाही. मोर्चाला चढवणारे आपणच असू.

मग करायचं काय? माझं म्हणणं, या हंगामात पाच-सहा वाड्यांनी मिळून टेम्पो फक्त त्या दोन-अडीच महिन्यांसाठी ठरवावा, खेपेवर. ज्याची गाडी आधीच फेडून झालीय असे टेम्पोवाले प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना रोजची खात्रीची खेप हवीच असते. त्याआधी वजनकाटा घ्या. व्यापारी भावात जेवढं मारतो त्याहून जास्त काट्यात मारतो, आणि काट्याला महिन्याचं भाडं लागत नाही. जिथे सामूहिक दावे मान्य झालेत तिथे परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या शिक्क्यानिशी छापून घ्या. मेंढ्याने आधी तेच केलं. जिथे दावे पडून आहेत तिथे दाव्याचा पाठपुरावा हंगामाच्या आधी झाला पाहिजे, त्याशिवाय गाडी कोणाचीही असो, नाक्यावर अडवणारच.

शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकायला सुरुवात केली, वनधन योजनेतून. त्यात वीस-वीस जणांचे पंधरा गट मिळून एक केंद्र होतं, तीनशे माणसं, आणि केंद्राला 15 लाखांपर्यंत मदत. 2023 ला जी जनमन योजना आली तिच्यातही वनधन केंद्रं आहेत, आणि कातकरी त्या योजनेत आहेत. पुढे गाडी घ्यायचीच ठरली तर अशा गटाच्या नावावर, आणि कर्जाची, म्हणजे फेडून झाली की आपली. शबरी महामंडळाकडे वाहनाच्या कर्जाच्या योजना आहेत. आपलं प्रकल्प कार्यालय पेणला, जाऊन यायला एक दिवस आणि एक मजुरी जाते, म्हणून कोणी जात नाही, आणि एजंट मात्र दारात येतो. तीन वाड्यांनी वर्गणी काढून दोघांना पाठवा.

लायसनवाल्या पोरांनी माझ्यावर रागावू नये. हलक्या वाहनाच्या लायसनवर 7,500 किलोपर्यंतची मालाची गाडी चालवता येते, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये परत सांगितलंय. तुमचं लायसन वाया गेलेलं नाही. ठरवलेल्या टेम्पोवर ड्रायव्हर आपला असेल ही अट आपण घालू शकतो.

बैठकीला येताना प्रत्येक वाडीने एक वही आणावी. गेल्या हंगामात कोणत्या दिवशी किती पाट्या खाली उतरल्या, कोणी घेतल्या, किती भावाने, आणि त्या दिवशी बाजारात भाव काय होता, आठवेल तेवढं लिहा. बायांना विचारून लिहा, त्यांना पाटीचा हिशोब तोंडपाठ असतो. एजंटचा कागद ज्यांच्याकडे आहे त्यांनी तोही आणावा, पूर्ण, मागच्या पानासकट. आणि त्यावर अजून सही करू नका.