दुतर्फी

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये एक फिशपॉण्ड पडला होता. कुणावर, ते लिहीत नाही. ‘मोबाइल तिचा, पासवर्ड त्याचा!’ अख्खा हॉल हसला. मीही हसले, पण जरा उशिरा. साताऱ्यात अकरावी-बारावीला असताना माझ्याही मोबाइलचा पासवर्ड असाच दुसऱ्याकडे होता, आणि तेव्हा मला ते फार रोमँटिक वाटायचं.

मला लिहायचंय ते एका शब्दाबद्दल. (मी कॉन्व्हेंटची. माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर संपादक मंडळाने दोनदा हात फिरवलाय, तरी भाषेवर बोलायचं धाडस करतेय!) तो शब्द म्हणजे ‘एकतर्फी प्रेम’. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून रिंकू पाटीलला जाळलं. त्याच दशकात आपल्या सांगलीत अमृता देशपांडेचा खून झाला. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेवर भररस्त्यात पेट्रोल टाकलं, ती सात दिवसांनी गेली. दर वेळी पेपरात हाच शब्द. खुनाला प्रेम म्हणायचं, हे तर चीड आणणारं आहेच. पण माझी अडचण वेगळी आहे. या शब्दामुळे आपल्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलाय, की मुलगी आधीपासून ‘नाही’ म्हणत होती म्हणून ती निर्दोष. मग जी ‘हो’ म्हणाली होती तिचं काय?

माझं एकतर्फी नव्हतं. मी हो म्हणाले होते. चार भिंतीवर गप्पा, क्लास सुटल्यावर पोवई नाक्यापर्यंत रमतगमत जाणं, सगळं मला हवं होतं. मग ‘कुठे आहेस’ सुरू झालं. मग ‘फोटो काढून पाठव, खरं कुठे आहेस ते’. मग क्लासमधल्या मुलांशी बोलायचं नाही, ती लाल कुर्ती घालायची नाही. मैत्रिणी म्हणायच्या, ‘किती पझेसिव्ह आहे ना तो!’ आणि ते कौतुकाने म्हणायच्या. पहिली थोबाडीत बसली तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त रडला. मीच त्याची समजूत काढत बसले. आता हे लिहिताना विचित्र वाटतं, पण तेव्हा नाही वाटलं.

आपल्या सगळ्यांचा लाडका ‘सैराट’ २०१६ चा. त्यातली गाणी पाठ, शेवट पाठ. पण हैदराबादला परश्या संशयावरून आर्चीला मारतो, ते किती जणांना आठवतं? दिग्दर्शकाने तो प्रसंग गोड करून दाखवलेला नाही. तो आपण आपल्यापुरता गाळून टाकलाय. प्रेमात ‘होतं असं’, नाही का?

बारावीनंतर मी ते तोडलं. तेव्हा ‘तू हो म्हणाली होतीस’ हेच वाक्य त्याने माझ्याविरुद्ध वापरलं. घरी सांगेन, फोटो दाखवेन. मला भीती त्याची कमी आणि या वाक्याची जास्त होती. कारण मला वाटायचं, खरंच की, मी म्हणालेच होते.

इंजिनिअरिंगला सांगलीत आले तरी फोन चालूच. रोज नवीन नंबर. फर्स्ट इयरला मॅथ्सला केटी लागली ती उगाच नाही. शेवटी एका रविवारी विश्रामबागला मावशीकडे जेवायला गेले आणि ताटावरच रडले. मावशीने ‘मग तू गेलीसच कशाला त्याच्याबरोबर?’ असं विचारलं नाही. ‘कधीपासून गं?’ एवढंच विचारलं आणि आमटी परत गरम करायला ठेवली. मित्रमैत्रिणींनो, माझं बरं होणं त्या आमटीपासून सुरू झालं. कायदा नंतर आला.

तो मी नंतर वाचून काढला. आपण सगळे सिलॅबसबाहेरचं काही वाचत नाही म्हणून सांगते. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा आपल्या कामाचा नाही, त्याला एका छपराखाली राहिलेलं नातं लागतं. पण पाठलागाचं कलम २०१३ साली दंडसंहितेत आलं, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ७८ वं आहे. मुलीने नको हे स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क करणं, किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलवर नजर ठेवणं, हा गुन्हा. पहिल्यांदा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद. मी ते कलम तीनदा वाचलं. ‘ती आधी हो म्हणाली असेल तर सोडून’ असं त्यात कुठेही नाही!

मावशीने मला दोनच गोष्टी करायला लावल्या. एक, ‘यापुढे मला फोन किंवा मेसेज करू नकोस’ असा सरळ मेसेज. दोन, त्याचं काहीही डिलीट न करणं. मी तर लाजेपोटी रोज पुसत होते, म्हणजे पुरावाच पुसत होते. मग पप्पांना सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर चौकीत आले. तिथल्या बाईंनी त्याला बोलावून समज दिली. फोन थांबले. सगळ्यांचे असे थांबत नाहीत, हे मला माहीत आहे. घरी मावशी नसेल त्यांच्यासाठी १८१ आणि ११२ हे नंबर आहेत.

मुलांनाही एक विचारायचंय. तुमचा मित्र तिचा मोबाइल चेक करतो, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणता? ‘वहिनीवर लक्ष ठेव’? त्याला थांबवणं आम्हाला जड जातं, तुम्हाला एका वाक्यात जमेल.

केटी सुटली. लाल कुर्ती आता घट्ट होते, बहिणीला दिली. दिवाळीत साताऱ्याला गेले होते, तेव्हा पोवई नाक्यावर तो दिसला. पाय कापले, खोटं कशाला सांगू. दुकानात शिरले, हॉस्टेलच्या पोरींसाठी अर्धा किलो कंदी पेढे घेतले, सुट्टे पैसे नीट मोजून घेतले आणि सांगलीची गाडी पकडली. कराड येईपर्यंत खिडकीशी झोप लागली होती.