खाऊचं पाकीटही खायचं? ‘आरोग्यदायी’ वेष्टनाचा दावा किती खरा?

आइस्क्रीम संपलं की आपण कोनही खातो. हीच कल्पना आता पाकिटांपर्यंत पोहोचली आहे. २०१९च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना समुद्री शेवाळापासून बनवलेल्या छोट्या पिशव्यांतून पेय दिलं गेलं. पिशवी तोंडात टाकायची, चावायची, कचरा शून्य!

भारतात १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. कप, चमचे, स्ट्रॉ त्यात होते. वेफर्स-बिस्किटांची पाकिटं मात्र नव्हती. म्हणूनच पर्यायाचा शोध सुरू आहे.

हे वेष्टन बनतं कसं?
स्टार्च, पेक्टिन, जिलेटिन किंवा शेवाळातलं अल्जिनेट पाण्यात मिसळतात. लवचिकपणासाठी ग्लिसरॉल घालतात आणि पातळ थर पसरून वाळवतात. त्यात हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीमधली कॅटेचिन किंवा डाळिंबाच्या सालीतली पॉलिफेनॉल मिसळता येतात.

त्याने काय होतं?
ही द्रव्यं तेल खवट होण्याचा वेग कमी करतात, जिवाणूंची वाढ रोखायला मदत करतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. तेच तत्त्व इथेही वापरतात. मासळी खराब होताना अमोनियासारखे वायू सुटतात आणि हळदीचं वेष्टन रंग बदलून इशारा देतं.

मग ते खाल्ल्याने तब्येत सुधारते?
इथेच सावध राहायला हवं. वेष्टन अगदी पातळ, त्यामुळे त्यातली वनस्पती-द्रव्यंही थोडीच. शिवाय नुसतं कर्क्युमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही. म्हणजे खरा फायदा खाणाऱ्यापेक्षा पदार्थाच्या टिकाऊपणाला. भारतात अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी २०१८चे नियम आहेत. त्यानुसार आरोग्याच्या दाव्याला शास्त्रीय आधार लागतो.

अडचणी काय?
यातली बहुतेक वेष्टनं ओलाव्यात टिकत नाहीत. दुकानात धूळ आणि हात लागतात, म्हणून बाहेरून आणखी एक आवरण लागतं. ते प्लास्टिकचंच असेल, तर मिळवलं काय? कायटोसन हा घटक बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून, केसीन दुधापासून, तर जिलेटिन प्राण्यांपासून मिळतं. ॲलर्जी असलेल्यांसाठी आणि शाकाहारींसाठी ही माहिती महत्त्वाची आहे.

थोडक्यात, अन्नाची नासाडी आणि कचरा कमी करण्यासाठी ही कल्पना कामाची आहे. पण पाकीट खायचंच असेल, तर ते कशापासून बनलंय हे आधी वाचलेलं बरं.