सिगार कोणाच्या पैशाची?



गेल्या एप्रिलात आलापल्लीच्या चौकात, चहाच्या टपरीमागं, आपली पाच-सहा पोरं उभी होती. एक सिगार हातोहात फिरत होती आणि वाद रंगला होता. चांगली सिगार ओळखायची कशी? महागडी घेण्यात अर्थ आहे का? मला पाहून एक जण बोलला, "दादा, तुम्ही नागपूर-मुंबई फिरून आले. सांगा ना गा, ही पंधराशेची हाये म्हणते. परवडते का?"

तेव्हा मी गप्प बसलो. आता उत्तर देतो. लिहून देतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही आणि तुम्हालाही.

आधी एक सांगतो. या प्रश्नाला मी नाक मुरडणार नाही. गरिबानं साधं राहावं, दलितानं तर फारच साधं राहावं, हा उपदेश करणारे स्वतः कसे राहतात ते आपण पाहिलं आहे. आमच्या आज्यानं जंगलखात्याच्या बंगल्यावर लाकडं फोडली. साहेबाच्या चिरुटाचा वास फुकट घेतला आणि कानामागची अर्धी बिडी पेटवली. चांगल्या वस्तूची पारख ही कोणाच्या बापाची मिरासदारी नाही. म्हणून सरळ उत्तर ऐका.

सिगार म्हणजे सगळा पानांचाच कारभार. आत भराव, त्याला बांधणारं पान, आणि वर वेष्टनाचं पान. चांगल्या सिगारीत भराव अख्ख्या लांब पानांचा असतो, स्वस्तात चुरा असतो. बोटांनी हलकं दाबून पाहायचं. कुठं दगडासारखी, कुठं पोकळ लागली तर वळणाराचा हात कच्चा. वरचं पान चिरलेलं नको, त्यावर थोडी तेलाची चमक हवी. पेटवल्यावर एकसारखी जळली पाहिजे, राख भुरुभुरु न पडता टिकली पाहिजे. आणि तिला शेकडा सत्तरच्या आसपास दमट हवा लागते. आलापल्लीच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, खिशात ठेवलेली सिगार दोन दिवसांत पापडासारखी तडकते. तुमची तडकलीच होती. तुम्ही हवानाच्या नावानं पापड ओढत होता.

महाग परवडते का? एका हद्दीपर्यंत परवडते. पान वर्षानुवर्षं मुरवायला पैसा लागतो, कसबी हाताला पैसा लागतो. त्या हद्दीपुढं तुम्ही कागदी कडं, लाकडी डबी, आयातशुल्क आणि दुकानाची काच विकत घेता. पानाला त्यातलं काही कळत नाही. आणि स्वस्त असो की महाग, तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर किंमत विचारून येत नाही. धूर गिळला नाही म्हणून सुटलो असं नाही. खर्ऱ्यानं आपल्या जिल्ह्यातल्या तोंडांचं काय केलं ते घराघरात जाऊन पाहा.

झालं उत्तर? नाही झालं. पानाची पारख तुम्ही मला विचारता, माझ्या मायला का विचारत नाही?

माय साठीला टेकली. फेब्रुवारी-मार्चात तेंदूची खुटकटाई होते, मग कोवळी पालवी फुटते, आणि मे महिन्यात ती पहाटे तीन-चारला जंगलात शिरते. अस्वल असते, वाघ असतो. दुपारी पत्त्याचं गाठोडं डोक्यावर. सांजेपर्यंत सत्तर-सत्तर पानं मोजून पुडे बांधायचे आणि फळीवर न्यायचे. हजार पुड्यांची एक मानक गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. फळीवरचा चेकर पुडा उलटापालटा करतो. हा जाड, हा फाटका, हा कमी भरला. शेकड्यामागं चार पुडे वरचे टाका. बाई काही बोलत नाही, टाकते. सिगारचं वेष्टन बोटांनी तपासायला शिकलेल्या माझ्या शूर भावांनो, तुमच्या घरचं वेष्टन दुसरा तपासतो आणि फेकतो, तेव्हा तुम्ही कुठं असता?

आता ती सिगार आली कुठून ते सांगतो. मला ते नंतर कळलं. कंत्राटदाराच्या माणसानं डबी दिली होती. नाव लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं तर बाकीचे साधू ठरतात. दोन दिवसांनी ग्रामसभा होती. ठरावाच्या कच्च्या कागदावर एक अट होती : पैसे आधी बँकेत, बोद नंतर गाडीत. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, एवढी अट काढा, आपण काय परके आहोत? माडिया भाऊ आपल्या पोरांकडं पाहत राहिले. हीच पोरं कायदा वाचतात, हीच बोलतील. पोरं बोलली नाहीत. अट गेली. सह्या झाल्या.

बोद जूनच्या पावसाआधी गाड्यांत चढले. पैसे आले निम्मे. मायचे अकराशे पुडे, म्हणजे सत्त्याहत्तर हजार पानं. त्यातल्या निम्म्या पानांचा पैसा अजून वाटेवरच आहे. मला विचारलं होतं ना, ही सिगार कितीची? पंधराशेची नाही. हिशेब करा.

मी हे एकाला बोललो तर तो उसळला. "दादा, बाबासाहेब सूट घालत नव्हते का? आम्हीच काय लंगोटी लावून फिरायचं?" अरे, बाबासाहेबांच्या सुटाचे पैसे बडोद्याच्या शेठनं दिले नव्हते. शिष्यवृत्तीचा करार होता तर त्या करारावर ते नोकरीला गेले, आणि अपमान झाला तेव्हा नोकरीला लाथ मारून आले. सूट हा मुद्दाच नव्हता. कोणाच्या पैशानं आणि कशाच्या बदल्यात, हा मुद्दा आहे.

तुम्ही एकमेकांना जयभीम घालता. हा जयभीम रूढ केला कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी. ते कोणाचे पुढारी होते? बिडी मजुरांचे. त्यांनी मजुरांची संघटना बांधली आणि कंत्राटदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिडीचं काम उभं करायला निघाले. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांताच्या कायदेमंडळात निवडून आले, आणि १९३९ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिशीत, क्षयानं गेले. आपल्या तोंडातला जयभीम बिडीच्या धुळीतून आला आहे, दोस्तांनो. तो कंत्राटदाराच्या डबीवर ठेवायचा नसतो.

१९६६ साली या देशात कायदा झाला, बिडी आणि सिगार कामगारांचा. एकाच कायद्यात दोघं, कारण वळणारा हात एकच. केरळात तो लागू व्हायची वेळ आली तेव्हा मालकांनी कारखानेच बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यांनी १९६९ मध्ये कण्णूरला स्वतःची सहकारी संस्था काढली, दिनेश बिडी. तिकडं बिडी वळताना एक जण पेपर वाचून दाखवायचा, बाकीचे ऐकायचे. आणि तुमच्या त्या हवानात? तिथंही १८६५ पासून सिगार वळणारे आपल्या मजुरीतून पैसे काढून वाचणारा ठेवत. तो उंचावर बसून बातम्या वाचायचा, कादंबऱ्या वाचायचा. सरकार एवढं भ्यालं की पुढच्याच वर्षी वाचनावर बंदी घातली. सिगारीचा इतिहास हवा असेल तर हा घ्या. ओढणाऱ्यांचा नव्हे, वळणाऱ्यांचा.

आणखी एक गोष्ट, आणि ही सगळ्यात कडू. २००६ च्या वनहक्क कायद्यात आपण आदिवासी नाही म्हणून आपल्याकडं तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागतात. तो कागद आपल्या आज्याकडं कुठून असणार? पण ग्रामसभेत बसायला कोणताही पुरावा लागत नाही. गावातला प्रत्येक प्रौढ माणूस तिचा सभासद. या जंगलात आपला हात माडिया भावाच्या हाताइतकाच मोजला जातो अशी ती एकच जागा. १९६९ च्या कायद्यापासून तेंदूचा धंदा सरकारच्या मुठीत होता. तो आता कुठं ग्रामसभेच्या हातात येऊ लागला, आणि आपण पहिल्या झटक्यात सही विकली. तीही तडकलेल्या पानाला.

म्हणून खुटकटाईच्या आधी बैठक लावा. तिथं पत्ता तोडणाऱ्या बायांना पुढं बसवा, आपण मागं बसू. ठरावात लिहा : पैसे आधी, बोद नंतर. वरचे पुडे बंद. फळीवर मोजणी होईल तेव्हा आपलं एक लिहिता-वाचता पोरगं वही घेऊन उभं राहील, रोज. कंत्राटदाराच्या माणसाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. गेल्या हंगामाचे उरलेले पैसे मागायला ग्रामसभेच्या नावानं अर्ज जाईल. त्यावर पहिली सही त्या पाच-सहा जणांची पाहिजे. मीही सही करीन, कारण त्या दिवशी चौकात मी गप्प होतो.

आणि सिगार ओढायचीच असेल कोणाला, तर आपल्या कमाईची ओढा. मधल्या भावाची पुरते, हे मी वर सांगितलंच आहे. पण पेटवायच्या आधी मायच्या अकराशे पुड्यांचा हिशेब मला आणून द्या.

जयभीम.