बारावा खेळाडू किती दिवस राहायचं?

यंदाच्या मोसमात आम्ही अकरा स्पर्धा खेळायच्या ठरवल्या होत्या. सात खेळलो. एकीत उपविजेते, दोनदा उपांत्य फेरी, बाकी ठिकाणी पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळला. राहिलेल्या चार आम्ही हरलो नाही, तिथे आम्हाला उतरूच दिलं नाही. बोलायचंय ते त्या चारविषयी.

आमची टीम म्हणजे सातारा-सांगलीतल्या पाच-सहा वस्त्यांतली पोरं. पोरं कसली, निम्म्यांची लग्नं झालीत. कुणी कराडला सेंट्रिंगच्या कामावर, कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटी, एक जण मिरजेत दवाखान्यात वॉर्डबॉय, दोघे तासगावकडे द्राक्षबागेत. एप्रिलची खरड छाटणी सुरू झाली की आमचा ओपनिंग बॉलर गायब. रात्रपाळी उरकून, एकाच मोटारसायकलवर तिघे बसून, सकाळची सहा ओव्हरची मॅच गाठायची. एन्ट्री फी वर्गणीतून.

आणि आडवा येतो तो नियम: 'एक गाव, एक संघ'. ऐकायला किती गोड! बाहेरचे पैसेवाले खेळाडू नकोत, गावातल्या पोरांना संधी मिळावी, असा त्यामागचा हेतू सांगतात. तो खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. प्रश्न एवढाच, गावाचा संघ ठरतो कुठे? मीटिंग कुणाच्या वाड्यात, कुणाच्या पारावर होते? त्या मीटिंगचा निरोप वस्तीत येतो का? आमच्या प्रत्येक वस्तीत चार-पाच चांगले खेळणारे आहेत, ज्यांना गावाच्या संघात जागा मिळाली नाही. अकरा जण एका वस्तीत भरत नाहीत म्हणून आम्ही वस्त्या जोडल्या. तर आता नियम सांगतो, तुम्ही एका गावचे नाही, सबब बाद. नियम सगळ्यांना सारखाच आहे, असं आयोजक छातीवर हात ठेवून सांगतात. अहो, सारख्या नियमानेच तर आम्ही बाहेर राहिलो.

आमच्यातला एक जण यंदा गावाच्या संघातून खेळून आला. खेळून म्हणजे, सहा मॅचपैकी चारमध्ये तो बदली क्षेत्ररक्षक होता. पाण्याच्या बाटल्या नेल्या, बॉण्ड्रीवर धावला. चषकाच्या फोटोत मात्र आहे. 'बघा, आमच्यात भेदभाव नाही' म्हणायला तो फोटो पुरतो.

हे नवं नाही. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवणारे पालवणकर बाळू नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकत. हिंदूंच्या क्लबाला जिंकायचं होतं तेव्हा या चांभार बॉलरला मैदानात घेतलं, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरुण बाबासाहेब त्यांचे चाहते होते. पण हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळालं, तेही भावांनी अन्याय झाल्याचं उघड बोलून दाखवल्यावर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेब जिंकले. आमच्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे? आमच्या पोरांना सचिनची शतकं पाठ, बाळूंचं नाव नाही. (दोष पोरांचा नाही, आपण सांगितलं नाही.)

आमच्यातच दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, वेगळी टीम म्हणजे आपणच जात धरून बसणं, गावात मिसळा, हळूहळू जागा मिळेल. हे म्हणणारे आमचे शत्रू नाहीत, त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण १९४६ साली बाबासाहेबांनीही तिथल्या डू बॉइस यांना पत्र लिहून आपली आणि निग्रोंची स्थिती ताडून पाहिली होती. तिथल्या बेसबॉलमध्ये काळ्यांना बंदी होती, म्हणून १९२० मध्ये त्यांनी स्वतःची लीग उभारली. १५ एप्रिल १९४७ ला, म्हणजे आपल्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. मोठा दिवस, वादच नाही. पण त्याला ब्रुकलिनने उचललं तेव्हा त्याच्या जुन्या कॅन्सस सिटीच्या काळ्या संघाला एक डॉलर दिला नाही. मग एकेक चांगला खेळाडू गेला, आणि पंधरा-सोळा वर्षांत काळ्यांच्या लीगच उरल्या नाहीत. खेळाडू घेतले, पण मालक, मॅनेजर, अंपायर यांना कुणी विचारलं? बॉस्टनच्या संघाला पहिला काळा खेळाडू घ्यायला १९५९ उजाडलं, आणि पहिला काळा मॅनेजर नेमला गेला १९७४ मध्ये. खेळायला एक, ठरवायला दुसरा.

म्हणून आमचं म्हणणं, गावाच्या संघात जरूर जा, पण स्वतःची टीम मोडून नको. निवड समितीत बसायला मिळत नसेल तर नुसतं अकरात बसण्याला सामीलकी म्हणू नका.

दोन गोष्टी आमच्याच पदरच्या. उपविजेतेपदाची रक्कम आम्ही नेटसाठी ठेवणार होतो, ती जयंतीच्या डीजेत गेली. हात आम्हीच वर केले होते, आता रडून उपयोग नाही. आणि आमच्या टीममध्ये मातंग समाजाचे दोनच जण का? चांभार वस्तीत आम्ही निरोप दिला होता का? गावाच्या पारावर बोट दाखवताना आमचा पार कोणता, हेही विचारायला हवं. मुलींचं तर नावच नाही.

पुढच्या वर्षी जयंतीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही स्वतःची स्पर्धा घेणार आहोत. 'एक गाव' नियम नाही, बाहेरगावचा, कुठल्याही जातीचा संघ यावा. एन्ट्री फी रोजंदारीवाल्याला परवडेल एवढीच. अंपायर आमच्यातले दोन, बाहेरचे दोन. एक दिवस मुलींच्या सामन्यांसाठी. डीजेचा आणि टीमचा हिशेब वेगळा, तो वहीत लिहून विहाराच्या भिंतीवर लावायचा. जागा गायरानाची मागितलीय, ग्रामसभेत अर्ज दिलाय, पोच घेतलीय. न मिळाल्यास नदीकाठचं पडीक रान आहे, पण तिथली खेळपट्टी दाबायला रोलर लागेल. तो सध्या एका वीटभट्टीवाल्याकडून उसना घ्यायचं चाललंय. दिवाळीनंतर दोन रविवार रोलर ओढायला माणसं हवीत. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी सातला यावं, डबा सोबत आणावा.