हप्ता घाम बघत नाही, सातबारा बघतो

पीएम किसानचा एकविसावा हप्ता 19 नोव्हेंबर 2025 रोजी खात्यांत जमा झाला. वर्षाला सहा हजार, तेही दोन-दोन हजारांनी. हा आकडा 2019 पासून जागचा हललेला नाही. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी सहा हजार 2023 पासून मिळू लागले. दोन हजारांत सरकारी भावाने डीएपीची एक गोणी आणि युरियाच्या दोन गोण्या येतात, वर चहापाण्यापुरते उरतात.

पण आम्हाला बोलायचंय ते यादीत कोण नाही याबद्दल. योजनेच्या नावात शेतकरी आहे, पैसे मात्र जमीनधारकाला मिळतात. सुरुवातीला दोन हेक्टरची अट होती, तीही 2019 च्या मध्यात काढली. त्यामुळे पन्नास एकरवाला आणि एक एकरवाला सारखेच. दुसऱ्याची जमीन बटईने किंवा खंडाने कसणाऱ्याला छदामही नाही. मशीद-दर्ग्याच्या इनाम जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांचं तेच. सातबाऱ्यावर नाव संस्थेचं, आणि संस्थात्मक जमीनधारक योजनेतून सरळ वगळलेले. ही चूक धोरणाची आहे, ती सरकारनेच सुधारली पाहिजे.

दुसरी अडचण मात्र आपल्या घरातली आहे. अब्बांचा इंतकाल होऊन दहा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव, अशी घरं गावोगाव सापडतील. नोंद का होत नाही? तलाठ्याकडे खेटे हे एक कारण झालंच. पण खरं कारण बरेचदा वेगळं असतं: वारस नोंद म्हटली की बहिणींची नावं लावावी लागतात. शरियतने दिलेला बहिणीचा हिस्सा आपण जुम्म्याच्या बयानात मान हलवून कबूल करतो, आणि फेरफाराच्या अर्जापाशी अडखळतो. बहिणीला टाळता टाळता भावांचाही हप्ता बुडतो!

खरं तर नियम इथे सोयीचा आहे. एकाच सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील, तर चारही कुटुंबं बाकीच्या अटींत बसल्यास प्रत्येकी सहा हजारांना पात्र ठरतात. वाटणी झालेलीच पाहिजे असं नाही. बहिणीचं नाव असेल आणि तिच्या नवऱ्याला आधीच हप्ता येत नसेल, तर तिचंही कुटुंब पात्र. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं म्हणजे एक कुटुंब, असा हिशोब आहे.

तारखेचाही पेच आहे. जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर हवी. त्यानंतर खरेदीने किंवा हिबाने आलेल्या जमिनीवर हप्ता मिळत नाही. मालकाच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन तेवढी अपवाद.

मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला महसूल खात्याने 2025 मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढली. आपल्या गावात नोंद राहून गेली असेल तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची, बहिणींसकट, नावं घेऊन अर्ज द्या. शेतकरी ओळख क्रमांकही काढून घ्या. एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांना तो लागतो. आणि जाण्याआधी आधार व सातबारा शेजारी ठेवून नाव वाचा. एकीकडे महंमद, दुसरीकडे मोहम्मद, कुठे आडनाव शेख तर कुठे पटेल असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या.