विश्लेषण : पीक हिरवेगार, तरीही दाण्यात जड धातू? मृदा आरोग्य पत्रिका काय सांगत नाही?

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याजवळ इस्लापूर आहे. मोठ्या औद्योगिक पट्ट्यापासून हा भाग दूर आहे. त्यामुळे कापूस, सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या येथील शेतकऱ्याला शिसे किंवा कॅडमियमची चिंता करण्याचे कारण काय, असा प्रश्न पडू शकतो. मात्र जड धातू शेतात येण्यासाठी शेजारी कारखाना असावाच लागतो असे नाही. खत, पाणी आणि राखेतूनही ते येतात. एकदा मातीत शिरले की पुढील अनेक पिढ्या तिथेच राहतात.

जड धातू म्हणजे नेमके काय?

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम आणि निकेल हे त्यातील प्रमुख धातू. आर्सेनिक हा पूर्ण धातू नसला, तरी विषारीपणामुळे त्याची गणना याच यादीत होते. जस्त आणि तांबेही जड धातूच आहेत. पिकाला ते अल्प प्रमाणात लागतात, अति झाले की तेही घातक ठरतात. कीटकनाशक कालांतराने विघटित होते. धातू विघटित होत नाही. पीक, धूप किंवा निचऱ्यासोबत थोडाफार बाहेर जातो, बाकीचा साठत राहतो.

पिकाच्या वाढीवर काय परिणाम होतो?

पहिला फटका मुळांना बसतो. मुळे आखूड, जाड आणि तपकिरी होतात, तंतुमुळे कमी फुटतात. परिणामी पाणी आणि अन्नद्रव्ये कमी उचलली जातात. कॅडमियम रासायनिकदृष्ट्या जस्ताचा भाऊबंद आहे. जस्त आणि लोह आत घेण्याच्या वाटेनेच तो झाडात घुसतो. पुढे हरितद्रव्य घटते, पाने पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. शिसे बहुतांशी मुळातच अडकते, कॅडमियम मात्र पाने आणि दाण्यापर्यंत सहज पोहोचतो.

इथेच गफलत होते. मराठवाड्यातील चुनखडीयुक्त जमिनीत सोयाबीन पिवळे पडण्याचे कारण बहुतेक वेळा लोहाची कमतरता किंवा पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असतो. प्रत्येक पिवळे पान म्हणजे प्रदूषण नव्हे. उलट कॅडमियमचे प्रमाण मध्यम असेल तर पीक हिरवेगार दिसते आणि दाणा मात्र खाणाऱ्यासाठी असुरक्षित ठरू शकतो.

कडधान्यांना धोका जास्त का?

सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींमध्ये रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. हे जिवाणू धातूंबाबत संवेदनशील असतात. इंग्लंडमधील वोबर्न येथे 1942 ते 1961 या काळात शेतात सांडपाण्याचा गाळ टाकण्यात आला होता. गाळ थांबवून वीसहून अधिक वर्षे झाल्यावरही तेथील क्लोव्हर या शेंगवर्गीय चारा पिकाच्या गाठींत नत्र नीट स्थिर होत नसल्याचे आढळले. वोबर्नची माती हलकी आहे, त्यामुळे हा निष्कर्ष काळ्या मातीला जसाच्या तसा लागू होत नाही. पण गाळाच्या खताचे परिणाम किती लांबतात, हे त्यातून दिसते.

काळी माती संरक्षण देते का?

बऱ्याच अंशी देते. चिकणमातीचे भरपूर प्रमाण, चुना आणि सातच्या वर असलेला सामू यामुळे शिसे व कॅडमियम मातीच्या कणांना घट्ट धरून राहतात. मात्र आर्सेनिक, सेलेनियम आणि सहा-संयुजी क्रोमियम यांचे वागणे उलटे आहे. विम्ल जमिनीत ते अधिक मोकळे होतात.

महाराष्ट्राने याचा इशारा अनुभवला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात 2024 च्या अखेरीपासून अनेक गावांत अचानक केसगळती सुरू झाली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियम जड धातू नाही. पण दिसायला चांगला दाणा मातीतील काय काय घेऊन येऊ शकतो, हा प्रश्न या प्रकरणाने घराघरांत नेला.

धातू शेतात येतात कुठून?

पहिला मार्ग स्फुरदयुक्त खतांचा. खनिज फॉस्फेटमध्ये खाणीनुसार कमी-अधिक कॅडमियम असते. युरोपीय संघाने जुलै 2022 पासून अशा खतांत प्रतिकिलो स्फुरदामागे 60 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा लागू केली. दुसरा मार्ग शहरी कचऱ्याच्या खताचा. बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक कचरा वेगळा न केल्यास धातू खतात उतरतात. खत नियंत्रण आदेशानुसार अशा कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे 100, कॅडमियम 5 आणि पारा 0.15 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. तिसरा मार्ग सांडपाण्याचा आणि चौथा राखेचा. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळील खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून औष्णिक वीज केंद्राची राख शेतांत आणि नाल्यांत पसरली होती.

मग मृदा आरोग्य पत्रिका काय सांगते?

फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 12 घटक तपासले जातात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. यात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा आणि क्रोमियम नाहीत. जस्त व तांबेही कमतरता शोधण्यासाठी मोजले जातात. म्हणजे जमिनीला काय कमी आहे ते पत्रिका सांगते, काय नको तेवढे साचले आहे ते सांगत नाही. पत्रिकेतील सर्व रकाने ‘चांगले’ असूनही जमीन दूषित असू शकते.

याची किंमत बाजारात मोजावी लागते. नांदेड-हिंगोलीचा पट्टा हळदीचा आहे. हळदीत शिशाची कमाल मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे. मालात शिसे आढळले, तर ते रंगाच्या भेसळीतून आले की मातीतून, हे सांगण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा अहवाल नसतो.

शेतकऱ्याने काय करावे?

शहरी कंपोस्ट किंवा गाळ घेताना धातूंचा तपासणी अहवाल मागावा. वीटभट्टी किंवा वीज केंद्राची राख तपासणीशिवाय शेतात पसरू नये. स्फुरद माती परीक्षणानुसारच द्यावे. जस्ताची कमतरता असल्यास ती भरून काढावी, कारण जस्त कमी असताना पीक कॅडमियम जास्त उचलते. सेंद्रिय कर्ब वाढवल्यास अनेक धातू बांधले जातात. शंका असल्यास माती आणि विहिरीच्या पाण्याची जड धातूंची स्वतंत्र तपासणी सुविधा असलेल्या प्रयोगशाळेत करावी. नेहमीच्या चाचणीत ती आपोआप होत नाही.

दूषित जमीन पुन्हा स्वच्छ होते का?

होते, पण किंमत प्रचंड असते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम भातशेतीत उतरले. त्यातून हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग झाल्याचे तेथील सरकारने 1968 मध्ये मान्य केले. शेतांची माती बदलण्याचे काम 1979 मध्ये सुरू होऊन 2012 मध्ये संपले. म्हणजे 33 वर्षे लागली. मोहरीसारख्या पिकांनी धातू शोषून घेण्याचा मार्ग स्वस्त आहे, पण त्यालाही अनेक हंगाम लागतात आणि ते पीक जनावरांना घालता येत नाही.

एवढा खर्च मराठवाड्यातील अल्पभूधारकाला झेपणारा नाही. इस्लापूरसारख्या, उद्योगांपासून दूर असलेल्या भागांना आज तरी प्रतिबंधाची संधी आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत निदान निवडक गावांसाठी शिसे आणि कॅडमियमचे रकाने जोडले, तर त्या भागातील जमीन आज कोणत्या स्थितीत आहे याची नोंद राहील. पुढे काही बिघडलेच, तर ते केव्हा आणि कशामुळे, हे त्या नोंदीवरूनच सांगता येईल.